पाण्यांतील धुळाक्षरें

पोहण्याच्या शर्यतींमध्यें 'फ्रीस्टाइल' या नांवाची जी शर्यत असते, तिच्या नांवाइतकें फसवें नांव दुसरें क्वचितच आढळेल. नियमाप्रमाणें या शर्यतींत कोणत्या रीतीनें पोहावें याचें बंधन नाहीं. मनास येईल तर बेडकासारखें पोहावें, मनास येईल तर कुशीवर पोहावें. परंतु गेल्या शंभर वर्षांत मोठ्या शर्यतींत उतरलेले स्पर्धक जवळजवळ सगळेच एका रीतीनें पोहतांना दिसतात: पोट तळाकडे, हात आळीपाळीनें डोक्यावरून पुढें टाकलेले, पाय सरळ व सतत खालींवर हालणारे. या रीतीला 'क्रॉल', म्हणजे सरपटणें, असें नांव आहे. पूर्ण मोकळीक दिली असतां सर्वांनीं एकच गोष्ट निवडावी. ती निवडण्यास स्वतःस सुधारलेले म्हणविणाऱ्या लोकांना साठ वर्षें लागावीं. आणि निवडल्यावर ती नीट साधावी म्हणून तिचे तुकडे करून ते मुलांनीं धुळाक्षरें गिरवावीं तसे गिरवीत बसावें लागावें, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ज्यांनीं पाण्यांत कधीं पाऊल टाकलें नाहीं अशा वाचकांनाहि त्यांत पाहण्यासारखें पुष्कळ आहे, असें आम्हांस वाटतें.

युरोपांत पोहण्याची विद्या ग्रंथांत शिरली ती फार लवकर. केंब्रिज येथील एव्हरार्ड डिग्बी नांवाच्या पंडितानें १५८७ सालींच लॅटिन भाषेंत या विषयावर सचित्र ग्रंथ लिहिला. परंतु ग्रंथ लवकर झाला म्हणून वेग लवकर आला असें झालें नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील सभ्य इंग्रज गृहस्थ पोहे तो छातीवर, तोंड पाण्याबाहेर ठेवून, हातपाय एकदम आंखडून व एकदम पसरून. या रीतींत डोकें कोरडें राहतें, श्वास केव्हांहि घेतां येतो, समोरचें दिसतें, आणि पाणी फारसें उडत नाहीं. शेवटचा गुण त्या समाजाच्या दृष्टीनें लहान नव्हता. कॅप्टन मॅथ्यू वेब यानें १८७५ च्या ऑगस्टांत इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी २१ तास ४५ मिनिटांत पार केली ती याच रीतीनें. त्यामुळें तिची प्रतिष्ठा अधिकच वाढली.

पण वेबच्या आधीं एकतीस वर्षें, १८४४ सालीं, लंडनच्या हाय होबर्न भागांतील स्नानगृहांत एक निराळाच देखावा झाला होता. उत्तर अमेरिकेंतील ओजिब्वे जातीचे कांहीं आदिवासी त्या वेळीं लंडनमध्यें आले होते. त्यांतील दोघांना तेथील पोहण्याच्या संस्थेनें रौप्यपदक लावून पोहावयास बोलाविलें. इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांचीं नांवें 'उडता कुरव' व 'तंबाखू' अशा अर्थाचीं छापलीं आहेत. पहिल्यानें १३० फुटांचें अंतर तीस सेकंदांत तोडलें. बातमीदाराला त्यांचे हात पवनचक्कीच्या पात्यांसारखे दिसले. पाण्यावर आपटणारे ते हात आणि खालीं हाणणारे ते पाय यांत युरोपीय असें कांहींच नाहीं, असा शेरा त्यानें मारला. पुढें एका तरबेज इंग्रज पोहणारानें आपल्या जुन्या रीतीनें पोहून त्या दोघांस मागें टाकलें. मग तर कोणास कांहीं शिकावयाचें उरलेंच नाहीं! त्याच सुमारास जॉर्ज कॅटलिन हा चित्रकार मिसूरी नदीकांठच्या मंडन लोकांना असेंच पोहतांना पाहून आला होता, व १८४१ सालीं त्यानें तें छापूनहि ठेवलें होतें. पाहणें झालें, लिहिणें झालें, छापणें झालें; शिकणें तेवढें राहिलें.

तें हळूहळू व चोरपावलांनीं झालें. जॉन ट्रजन नांवाच्या इंग्रज तरुणानें दक्षिण अमेरिकेंत तेथील रहिवाशांचें पोहणें उचललें होतें. १८७३ सालीं लंडनच्या लँबेथ स्नानगृहांत तो दोन्ही हात आळीपाळीनें पाण्याबाहेरून टाकीत पोहला व शर्यत जिंकला. पाय मात्र बेडकाचेच. म्हणजे हात एका खंडाचे व पाय दुसऱ्या खंडाचे असा तो संकर होता. तरी जवळजवळ पाव शतक वेगाच्या शर्यतींत त्याचेंच राज्य चाललें.

पायांचें कोडें सुटलें तें सिडनीस. सॉलोमन बेटांतील रोव्हियाना येथून ॲलिक विकहॅम नांवाचा मुलगा तेथें आला होता. १९०० च्या सुमारास समुद्रकांठच्या एका तलावांत त्याला पोहतांना पाहून कोणी एक शिक्षक 'तें पोर पहा कसें सरपटतें आहे' अशा अर्थाचें ओरडला, व त्यावरून क्रॉल हें नांव पडलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचें कांहीं असो, त्या मुलाची चाल शर्यतींत आणली ती कॅव्हिल घराण्यानें. फ्रेडरिक कॅव्हिल हा १८७९ सालीं इंग्लंडांतून ऑस्ट्रेलियास गेलेला पोहण्याचा शिक्षक. त्याचे सहाहि मुलगे पाण्यांतच वाढलेले. त्यांपैकीं डिक यानें १९०२ सालीं १०० यार्डांचें अंतर एका मिनिटाच्या आंत तोडलें.

यापुढचा भाग आंकड्यांत झटपट सांगतां येतो. १८९६ सालीं पहिल्या ऑलिंपिकांत हंगेरीच्या हायोशनें १०० मीटर पोहावयास १ मिनिट २२.२ सेकंद घेतले होते. अर्थात् तो उघड्या व थंड समुद्रांत पोहला होता, हें विसरूं नये. १९०८ सालीं अमेरिकेच्या चार्लस डॅनियल्सला १ मिनिट ५.६ सेकंद पुरले. त्यानें व त्याच्या न्यूयॉर्कच्या सोबत्यांनीं हातांच्या एका पुऱ्या फेऱ्याला पायांचे सहा ठोके अशी सांगड घातली होती. १९१२ सालीं हवाईचा ड्यूक कहानामोकु यानें १ मिनिट ३.४ सेकंदांत ऑलिंपिक जिंकलें. त्याच्या आदल्याच वर्षीं त्यानें होनोलुलूच्या बंदरांत १०० यार्ड ५५.४ सेकंदांत तोडले होते. पण अमेरिकेंतील अधिकाऱ्यांना तो आंकडा खरा वाटेना व त्यांनीं तो मान्य केला नाहीं. हाय होबर्नची ही दुसरी आवृत्ति म्हणावयाची! १९२२ च्या जुलईंत जॉनी वाइसम्युलर यानें १०० मीटर ५८.६ सेकंदांत पोहून मिनिटाची भिंत फोडली. २०२४ सालीं पॅरिस येथें चीनच्या पान झानलेनें तेंच अंतर ४६.४० सेकंदांत तोडलें.

वाइसम्युलरच्या बाबतींत एक गोष्ट आम्हांस त्याच्या आंकड्यांहून महत्त्वाची वाटते. शिकागो येथील त्याचा गुरु विल्यम बॅकरॅक यानें या पोराला पाण्यांत पाहिल्याबरोबर शर्यतींत उतरविलें नाहीं. प्रथम पुष्कळ दिवस त्याच्याकडून हातापायांची चालच तेवढी घोटून घेतली. विकहॅम किंवा कहानामोकु यांना हें करावें लागलें नव्हतें. बेटावरच्या मुलाला क्रॉल अखंड मिळतो, मातृभाषेसारखा. ज्याला तो परभाषेसारखा शिकावयाचा त्याला व्याकरण लागतें, आणि व्याकरण म्हटलें कीं पदें तोडणें आलें.

तोडण्याची ही युक्ति आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. वेद मुखोद्गत करणारा विद्यार्थी संहितेवरच थांबत नाहीं. पदपाठांत तो प्रत्येक पद सुटें म्हणतो. क्रमपाठांत पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें, तिसरें-चौथें अशीं पदें दोनदोन जोडतो. जटा व घन यांत तीं उलटसुलट फिरवितो. इतकें केल्यावर संहिता जिभेवर अशी बसते कीं एक स्वर हालत नाहीं. पोहण्याच्या शिक्षकांनीं विसाव्या शतकांत जे 'ड्रिल' म्हणजे पाठ बसविले ते याच जातीचे आहेत. उलट, आपल्याकडे विहिरींत पोहावयास शिकविण्याची रीत याहून अगदीं वेगळी. मुलाच्या पाठीस सुकलेला भोपळा बांधावयाचा, वडिलांनीं किंवा काकांनीं त्याला कांठावरून ढकलावयाचें. पोरगें हातपाय झाडतें, नाकातोंडांत पाणी जातें, आणि आठपंधरा दिवसांनीं भोपळा सुटतो. भोपळा सबंध देह उचलून धरतो व सबंध देहालाच शिकूं देतो. त्यानें भीति मोडते व पोहणें येतें. वेग मात्र येत नाहीं.

वेग कां येत नाहीं, हें समजण्यास थोडें पदार्थविज्ञान लागतें. पाणी हवेच्या सुमारें आठशेंपट दाट. त्यांतून जातांना होणारा विरोध साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर विरोध चौपट, आणि त्यासाठीं दर सेकंदास खर्चावी लागणारी शक्ति आठपट. म्हणून अधिक जोर लावण्यापेक्षां आड येणारें अंग कमी करणें हा स्वस्त मार्ग. आतां माणसाच्या छातींत हवा असते, पायांत नसते. त्यामुळें छाती तरते व पाय बुडूं पाहतात. त्यांत डोकें वर काढलें कीं कंबर आणखी खालीं जाते, आणि पोहणारा पाण्यांतून आडवा न जातां तिरका, फळी ओढल्यासारखा जातो. क्रॉलचा सगळा डाव येथें आहे: तोंड पाण्यांत, डोकें पाठीच्या कण्याच्या रेषेंत, देह एकदां या कुशीवर व एकदां त्या कुशीवर कललेला, आणि कुशीवर कलतां कलतां मान वळवून घेतलेला श्वास. हात पुढें पोंचल्यावर कोंपर वर ठेवून पंजा व मनगटापासून कोंपरापर्यंतचा भाग उभा करावयाचा, आणि त्या सबंध वल्ह्यानें पाणी मागें सारावयाचें. इतक्या गोष्टी एका क्षणांत लक्षांत ठेवावयाच्या, आणि वर श्वासाची काळजी! तेव्हां पाठ पाडणें भागच होतें.

ते पाठ पाहिले तर त्यांमागील बुद्धीचें कौतुक वाटतें. एक हात पुढें पसरून कुशीवर पडावयाचें व नुसते पाय हालवावयाचे. यांत देहाचा तोल कळतो. एकच हात चालवावयाचा. यांत कलणें व हात टाकणें यांची जुळणी दिसते. पुढें पसरलेल्या हाताला मागचा हात येऊन भेटेपर्यंत त्यानें जागचें हालावयाचें नाहीं. यांत हाताची लांबी वाढते. बोटांचीं टोकें पाण्यावर घासत हात पुढें आणावयाचा. यांत कोंपर आपोआप वर राहतें. सर्वांत चतुर पाठ मुठींचा. मुठी आवळून पोहावयास लावलें कीं पंज्याचा आधार जातो, आणि पोहणारास नाइलाजानें सबंध हातानें पाणी धरावें लागतें. मग मूठ उघडली म्हणजे पंजा एकदम सुपाएवढा झाल्यासारखा वाटतो. येथें शिक्षकाला कांहीं सांगावें लागत नाहीं, पाणीच सांगतें.

तथापि या पाठांची दुसरी बाजूहि आहे, आणि उत्साही शिक्षक ती विसरतात असें आमचें मत आहे. प्रत्येक पाठ एक दोष उघडा करतांना दुसरा झांकतो. फळी धरून पाय मारणारा पायांचा जोर वाढवितो, पण फळीवर हात टेकल्यानें डोकें वर येतें व कंबर खालीं जाते. मांड्यांमध्यें तरता ठोकळा धरून नुसते हात चालविले कीं बुडणारे पाय आयते तरतात. ज्याचा दोष तोच आहे त्याला हा ठोकळा औषध नव्हे, व्यसन होतो. हात भेटविण्याचा पाठ फार दिवस चालविला तर दोन हातांमध्यें थांबण्याची खोड लागते, आणि पाण्यांत थांबलें कीं विरोध तात्काळ वेग खातो. पदपाठ करून संहितेकडे न परतणारा विद्यार्थी तो हाच. परीक्षेपुरता अन्वय लावून कविता विसरणारीं मुलें आम्हीं वर्गांत पुष्कळ पाहिलीं आहेत. तलावांत तीं नसतील असें मानण्याचें कारण नाहीं. म्हणून जाणते शिक्षक पन्नास मीटर पाठ व लागलींच पन्नास मीटर सबंध पोहणें, असे दोन्ही एकमेकांस बांधून देतात.

तोडून पाहण्याचा पहिला मोठा विजय जपानचा. जपान्यांनीं अमेरिकनांच्या चालीचा बारकाईनें अभ्यास केला, पण ती आपल्या अंगाच्या मापानें बेतून घेतली. १९३२ सालीं लॉस एंजलिस येथें पुरुषांच्या सहा शर्यतींपैकीं पांच त्यांनीं जिंकल्या. शंभर मीटर ५८.२ सेकंदांत जिंकणारा मियाझाकी पंधरा वर्षांचा होता, आणि पंधराशें मीटर जिंकणारा कितामुरा चौदा वर्षांचा. जन्मजात देणगीची कथा सांगणाऱ्यांना हा निकाल गैरसोयीचाच झाला असावा.

आतां राहिला दमाचा प्रश्न. चाल सुधारली तरी ती शेवटच्या पन्नास मीटरांत टिकली पाहिजे. थकव्यानें पहिला घांस घेतला जातो तो चालीचाच. कोंपर पडतें, कंबर बसते, हात आंखूड होतो. पूर्वी सराव म्हणजे लांबच लांब अंतर एका दमांत तोडणें. त्यांत मनुष्य मंद वेग उत्तम शिके. यावर तोड निघाली ती प्रथम धांवणारांच्या मैदानावर. जर्मनींत वोल्डेमार गेर्शलर हा शिक्षक व हर्बर्ट राइंडेल हा डॉक्टर यांनीं अंतराचे तुकडे पाडून, दोन तुकड्यांमध्यें नाडी उतरेल इतकीच विश्रांति देण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानें १९३९ सालीं मिलान येथें ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धांवून जो उच्चांक केला तो सोळा वर्षें टिकला. पोहणारांनीं ही पद्धत उचलली. सिडनी विद्यापीठांतील शरीरशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक कॉटन व त्यांचे शिष्य फोर्ब्स कार्लाइल यांनीं पोहणारांची नाडी व थकवा मोजण्याचा उद्योग आरंभला होता. १९५६ सालीं मेलबर्न येथें फ्रीस्टाइलचीं स्त्रीपुरुषांचीं सारींच सुवर्णपदकें ऑस्ट्रेलियानें घेतलीं.

या पद्धतींतील मर्म असें. पंधराशें मीटर शर्यतीच्या वेगानें रोज पोहणें कोणासहि शक्य नाहीं. पण शंभर मीटरच्या पंधरा खेपा, प्रत्येकीनंतर पंधरा-वीस सेकंद विसांवा घेऊन, त्या वेगानें होऊं शकतात. म्हणजे देहाला शर्यतीचा वेग व शर्यतीची चाल यांचा सहवास घडतो, नुसत्या थकव्याचा नव्हे. तलावाच्या भिंतीवर एक मोठें सेकंदांचें घड्याळ टांगतात. पोहणारा तें पाहून स्वतःच सुटतो. त्याशिवाय हात मोजावयाचे. पहिल्या खेपेंत पन्नास मीटरांस चाळीस हात लागले, आणि आठव्या खेपेंत वेळ तोच पण हात अठ्ठेचाळीस, तर जोर टिकला पण चाल मोडली असें समजावें. हा हिशेब आम्हांस फार प्रामाणिक वाटतो. त्यांत मनाची समजूत घालण्यास जागा नाहीं.

या विद्येला प्रयोगशाळेचें रूप दिलें तें इंडियाना विद्यापीठाच्या जेम्स कौन्सिलमन यांनीं. त्यांनीं पाण्याखालून चलच्चित्रें घेतलीं. पोहणारांच्या हातांना दिवे बांधून अंधारांत त्यांचे मार्ग टिपले. पाहतात तों हात सरळ मागें न जातां नागमोडी वळत जातो! खुद्द अव्वल पोहणारांची समजूत होती कीं आपण हात सरळ ओढतों. कौन्सिलमननीं १९६८ सालीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९७१ सालीं असें प्रतिपादिलें कीं पंजा हा वल्ह्यापेक्षां विमानाच्या पंखासारखा काम करतो व वांकडा फिरून उचल मिळवितो. मग काय, गांवोगांवचे शिक्षक मुलांना पाण्यांत नागमोडी रेघा ओढावयास लावूं लागले. १९९० नंतरच्या मोजमापांनीं ही बाजू पुष्कळशी उलटविली. नागमोडीचा बराच भाग देहाच्या कलण्यामुळेंच उत्पन्न होतो, आणि रेटा मुख्यतः पाणी मागें ढकलण्यानें मिळतो, असें दिसून आलें. वाद अजून पुरता मिटलेला नाहीं. गमतीची गोष्ट अशी कीं, उपपत्ति बदलली तरी कौन्सिलमनचे शिष्य हरले नव्हते. १९७२ सालीं सात सुवर्णपदकें घेणारा मार्क स्पिट्झ त्यांचाच. हाताला जें साधलें होतें त्याचें कारण सांगतांना पंडित चुकला. त्यामुळें हात चुकला असें होत नाहीं.

अलीकडच्या दोन पोहणारांची तुलना करून हा विषय संपवितों. रशियाचा अलेक्झांडर पोपोव्ह यानें १९९२ व १९९६ अशा दोन्ही ऑलिंपिकांत ५० व १०० मीटर जिंकले. त्याचा गुरु गेन्नादी तुरेत्स्की त्याला मैलच्या मैल संथ पोहावयास लावी, पण अट अशी कीं चाल शर्यतींतलीच हवी. पोपोव्हचे हात प्रतिस्पर्ध्यांहून कमी पडत, तरी तो पुढें असे. पाठांची सारी शाळा त्याच्याकडे बोट दाखवून सांगे: पहा, लांब हात, उंच कोंपर, निवांत डोकें. आणि त्याच काळांत अमेरिकेची जेनेट एव्हान्स ही साडेपांच फुटांहूनहि थोडी कमी उंचीची मुलगी कोंपर न वांकवितां, ताठ हात भराभर पाण्यावर टाकीत पोहत होती. हाय होबर्नच्या बातमीदारानें तिला पाहिलें असतें तर त्याला उपमा शोधावी लागली नसती. पाठांच्या पुस्तकाप्रमाणें तिचें पोहणें चुकीचेंच. १९८८ सालीं तिनें सोल येथें तीन सुवर्णपदकें घेतलीं, आणि १९८९ सालीं ८०० मीटर ८ मिनिटें १६.२२ सेकंदांत पोहून जो उच्चांक केला तो २००८ सालीं रेबेका ॲडलिंग्टननें मोडीपर्यंत कोणाच्या हातीं लागला नाहीं. तिच्या शिक्षकांनीं तिचे हात वांकवून 'शुद्ध' केले नाहींत, हें त्यांचें शहाणपण. हल्लीं आंखूड अंतराच्या शर्यतींत ताठ हातानें पोहणारे बरेच दिसतात, आणि आतां त्या ताठ हाताचेहि पाठ निघाले आहेत.